माल्कम इन द मिडल – इंग्रजी न येणाऱ्या आईसोबत बघितलेली सिरीयल

खरं तर मी एकट्यानेच बघायला घेतली होती, हेडफोन सापडेना म्हणून टीव्हीवर लावली, आई समोर मेथी निवडत बसलेली, ती बसली ती बसलीच. अडीच महिने रोज रात्री जेवणं झाली की दोन एपिसोड. एकूण 151 आहेत, सात सीझन, अमेरिकेत फॉक्स चॅनलवर 2000 ते 2006 चालली. म्हणजे जुनीच आहे पण मी बघितली नव्हती, ब्रेकिंग बॅडवाला ब्रायन क्रॅन्स्टन ह्यात चड्डीवर फिरणारा बाप झालाय एवढंच ऐकून होतो.

गोष्ट अशी की अमेरिकेतल्या कुठल्यातरी उपनगरात (शहराचं नाव शेवटपर्यंत सांगत नाहीत) एक कुटुंब राहतं, आई लोईस, बाप हॅल आणि चार पोरं, पुढे पाचवं पण होतं. थोरला फ्रान्सिस इतका वाया गेलेला की त्याला आधीच मिलिटरी शाळेत पाठवून दिलंय. मग रीस, ज्याला मारामारी सोडून काही येत नाही असं वाटतं आणि नंतर कळतं की तो स्वयंपाक भारी करतो. मग माल्कम, आयक्यू 165, म्हणून त्याला हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गात टाकतात आणि त्याची जी काही इज्जत होती ती तिथेच संपते. मग ड्यूई, दिसायला गरीब, आतून पोचलेला. माल्कम मधेमधे कॅमेऱ्यात बघून आपल्याशी बोलतो. मागून हशाचा आवाज नाही, हे मला सगळ्यात आवडलं, हसायचं कुठे ते आपण ठरवायचं.

आता अमेरिकन कौटुंबिक कॉमेडी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, मोठा सोफा, मोठ्ठं किचन, भांडण झालं की बाविसाव्या मिनिटाला मिठी. इथे तिघं पोरं एका खोलीत, घरात पसारा, गाडी कधी बंद पडेल नेम नाही, लोईस लकी एड नावाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून नोकरी करते आणि घरी येऊन परत उभीच. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्या बाईला कुणीतरी खुर्चीवर बसवून चहा द्या रे." पहिल्या एपिसोडमधे लोईस ब्रेकफास्टच्या वेळी किचनमधे सगळ्यांच्या देखत नवऱ्याची पाठ भादरते, तिथे आई इतकी हसली की मेथी सांडली.

माझं मत सांगायचं तर ही सिरीयल दिसते पोरांच्या खोड्यांची, पण आहे पैशाची. मस्ती केली की काहीतरी तुटतं, तुटलं की नवीन घ्यायला पैसे नाहीत, आणि तिथून लोईसचा आवाज चढतो. आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांत वाढलो, मी आणि दादा, एकदा क्रिकेट खेळताना आम्ही कपाटाचा आरसा फोडला होता, आईने आधी झाडू घेतला काच गोळा करायला आणि मग तोच झाडू आमच्यासाठी, त्यामुळे लोईस मला अजिबात खाष्ट वाटली नाही. ओळखीची वाटली.

दुसऱ्या एपिसोडचं सांगतो. लग्नाच्या वाढदिवसाला घालायचा लाल ड्रेस लोईसला जळलेला सापडतो, पोरांपैकी कुणीतरी केलंय म्हणून ती चौकशी लावते, ती चौकशी म्हणजे पोलीस स्टेशन बरं, फ्रान्सिस फोनवरून भावांना टिकून कसं राहायचं ते शिकवतोय, आणि तिकडे हॅल हॉटेलात टेबल धरून एकटाच तिची वाट बघतोय. आई पाचव्या मिनिटाला म्हणाली, "नवऱ्याने जाळलाय." मी म्हटलं अगं तो तर बिचारा हॉटेलात बसलाय. तर म्हणे, "म्हणूनच." आणि खरंच त्याच्याच सिगारने जळलेला असतो! तेव्हापासून मी सबटायटल वाचून दाखवायचा नाद सोडला.

हॅलला आई "हाल" म्हणते आणि ते नाव त्याला शोभतं. एक छोटासा सीन आहे, हा घरी येतो, दिवा लागत नाही, बल्ब आणायला जातो तर फळी हलते, स्क्रूड्रायव्हर घ्यायला जातो तर ड्रॉवर करकरतो, तेल शोधतो तर डबा रिकामा, आणायला निघतो तर गाडी बिघडलेली, शेवटी लोईस येऊन विचारते की बल्ब बदलशील का, तेव्हा हा गाडीखाली लोळलेला आणि वर तिच्यावरच चिडतो. आमचे बाबा सेम. पाचव्या सीझनला हॅलवर कंपनीतल्या घोटाळ्याची केस होते आणि तो सुटतो का, तर घोटाळा झाला ते सगळे शुक्रवार होते आणि हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं शुक्रवारी ऑफिसला गेलेलाच नसतो. ही आयडिया ज्याला सुचली त्याचे पाय धरावेत.

एकच एपिसोड बघणार असाल तर दुसऱ्या सीझनमधला बोलिंगचा बघा. पोरांना बोलिंगला लोईस घेऊन गेली तर काय आणि हॅल घेऊन गेला तर काय, दोन्ही गोष्टी आलटून पालटून शेजारी शेजारी चालतात, ह्याला लेखन आणि दिग्दर्शन दोन्हीचं एमी (तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळालं. मला वाटलं होतं बापासोबत मजा येईल, तर तो आपल्याच गेममधे घुसलेला, पोरांचा विसरच. लोईस केलेली जेन कॅझमरेक मात्र सातही वर्षं एमीसाठी नामांकित झाली आणि एकदाही मिळालं नाही! आईला सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही, "बायकांचं असंच असतं" म्हणाली आणि पुढचा लाव म्हणाली.

खटकलं ते पण सांगतो. फ्रान्सिस घराबाहेर असल्याने त्याचा ट्रॅक वेगळाच चालतो, मिलिटरी शाळेपर्यंत ठीक होता, अलास्काला गेला तिथून मी त्याच्या वेळेला पाणी प्यायला उठायचो. लोईसची आई आयडा पहिल्यांदा येते तेव्हा भारी, विखारी म्हातारी आहे, पण तेच तेच होतं. सहाव्या सीझनला माल्कमची किरकिर इतकी वाढते की कानाखाली द्यावीशी वाटते, ते पोर मोठं झालंय आणि लिहिणाऱ्यांना त्याचं काय करावं कळत नाहीये असं वाटतं. त्या वेळी ड्यूईने सिरीयल ओढून नेलीय.

शेवटच्या भागाबद्दल (ज्यांना बघायचाय त्यांनी इथे थांबा). माल्कमला गलेलठ्ठ पगाराच्या नोकरीची ऑफर येते आणि लोईस त्याला न विचारता परस्पर नाही सांगते. तो उसळतो. मग ती सांगते की तू हार्वर्डला जायचंस, खस्ता खायच्यास आणि पुढे राष्ट्राध्यक्ष व्हायचंस, कारण आपल्यासारख्या लोकांचं कसं चालतं हे माहीत असलेला एकतरी माणूस तिथे पाहिजे. आणि हे सगळं बोलताना ते अख्खे घाणीने माखलेले असतात, रीसने साठवलेल्या सडक्या कचऱ्याचा स्फोट झालेला असतो! हे मात्र आईला नीट भाषांतर करून सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विचारायला हवं होतं पोराला." मी बघतच राहिलो, मला वाटलं होतं ती लोईसचीच बाजू घेणार.

पाचपैकी साडेचार. अर्धा फ्रान्सिसचा कापला.

अगदी शेवटी लोईसला परत दिवस गेल्याचं कळतं. आईने कपाळावर हात मारला, "सहावं?" आणि उठून दूध फ्रीजमधे ठेवायला गेली, आतून ओरडली, "त्या हालला सांग म्हणावं आता शुक्रवारी तरी ऑफिसला जा."