पहिलाच कुत्रा, तोही राखणीचा: जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन की ग्रेट डेन?

राखणीचा मोठा कुत्रा घ्यायचं ठरलं की घरात चर्चा रंगते ती पिल्लाची: डोकं केवढं, पंजे किती जाड, काळा घ्यायचा की तपकिरी. पण दोन महिन्यांचं पिल्लू कुठल्याही जातीचं असलं तरी सांभाळायला साधारण सारखंच. खरा फरक आठव्या महिन्यापासून दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत दिसतो. तेव्हा अंगाने तो पुरता वाढलेला असतो, अक्कल मात्र यायची असते. अनोळखी माणसाबद्दलचा संशयही याच वयात जागा होतो. कालपर्यंत सिलिंडरवाल्यापुढे शेपूट हलवणारा एक दिवस दारात पाय रोवून गुरगुरतो. ही सव्वा-दीड वर्षं तुमच्या घराला झेपतील का, त्यावर जात ठरवावी.

आधी वजन आणि खर्चाचा अंदाज. खाद्याचा आकडा पूर्ण वाढलेल्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याचा आहे.

| जात | नर (किलो) | मादी (किलो) | कोरडं खाद्य, महिन्याला | आयुष्य साधारण |
|---|---|---|---|---|
| जर्मन शेफर्ड | ३०–४० | २२–३२ | १०–१३ किलो | ९–१२ वर्षं |
| डॉबरमन | ४०–४५ | ३२–३५ | १२–१५ किलो | १०–१२ वर्षं |
| रॉटवायलर | ५०च्या आसपास | ४२च्या आसपास | १३–१६ किलो | ८–१० वर्षं |
| ग्रेट डेन | ६४–७९ | ५०–६३ | १८–२२ किलो | ७–१० वर्षं |

गोचिडाची गोळी, जंताचं औषध, भूल, सलाईन हे सगळं किलोच्या हिशेबाने जातं. त्यामुळे डेनचं डॉक्टरांचं बिल शेफर्डच्या जवळपास दुप्पट होतं, आणि हे बहुतेकांना पिल्लू घरी आल्यावर कळतं.

जर्मन शेफर्ड

पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्या घराला आमचा कौल शेफर्डच्या मादीला. २५-२८ किलोची मादी घरातली कुणीही मोठी व्यक्ती पट्ट्यावर धरू शकते. तिला शिकायची हौस असते आणि शिकवणाऱ्याच्या चुका ती बऱ्यापैकी पोटात घालते. राखणीला तिचं भुंकणं पुरेसं आहे.

त्रास तीन. पहिला केसांचा: वर्षभर गळतात, ऋतू बदलताना पुंजकेच्या पुंजके. उन्हाळ्यात तिला भादरू नका. आतली लव उष्णताही अडवते. रोज ब्रश फिरवला की पुरतं. दुसरा खुब्याच्या सांध्यांचा. उतरत्या पाठीचं पिल्लू विकणारा ‘शो क्वालिटी’ म्हणून दाखवतो. तुम्ही सरळ पाठीचं, चालताना मागचे पाय न डगमगणारं बघा आणि आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. तिसरा गोचीड-तापाचा. एर्लिकिया हा आजार या जातीत फार जोर करतो. ताप, खाणं सुटणं, नाकातून रक्त, हिरड्यांवर बारीक लाल ठिपके यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून प्लेटलेट बघायच्या.

रोज दीड-दोन तास तिच्यासाठी निघत नसतील, तर ती बाइकमागे धावायला आणि गॅलरीतून प्रत्येक सावलीवर भुंकायला लागते. त्या घराने ही जातही घेऊ नये.

रॉटवायलर

घरच्यांशी अतिशय लाघवी, अंगावर रेलून बसणारा, शेफर्डपेक्षा शांत. अडचण हीच की तो कमी भुंकतो. इशारा म्हणजे अंग ताठ होणं, तोंड मिटणं, एकटक बघणं. नवख्या मालकाला हे दिसत नाही आणि मग ‘अचानक चावला’ म्हणतात. वाडग्याजवळ किंवा हाडाजवळ असा ताठ झाला तर ओरडून वाडगा हिसकावू नका. त्याने तो गुरगुरणं सोडून देईल आणि थेट दात लावायला शिकेल. लांबूनच वाडग्यात चिकनचा तुकडा टाका आणि पुढे चला. आठवड्याभरात माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी मिळणं, असं गणित बसू लागतं. नाही बसलं तर वेळ न घालवता वर्तनातला जाणकार गाठा.

निर्णयाची कसोटी सोपी आहे. घरातल्या सगळ्यात हलक्या मोठ्या माणसाला ५० किलोच्या कुत्र्याने समोर मांजर दिसताच मारलेला हिसका आवरेल का? नसेल, तर हा कुत्रा एकाच माणसाचा होऊन बसतो. तो माणूस कामासाठी गावाला गेला की बाकीचे अडकतात.

कायद्याचंही पाहा. १२ मार्च २०२४ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींवर बंदी घालावी असं राज्यांना कळवलं. त्या यादीत रॉटवायलर होता. त्याच एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. तरी सोसायटीच्या सभेत त्या यादीचा कागद आजही पुढे येतो.

डॉबरमन

केस आखूड, खाली लव नाही, म्हणून आपल्या उन्हाळ्याला चौघांत हाच बरा. डोक्याने तल्लख, पण माणसाला चिकटून राहणारा. गच्चीवर किंवा गेटपाशी साखळीला बांधलेला डॉबरमन चिडका आणि भित्रा होतो. धावपळ करणारी, किंचाळणारी लहान मुलं घरात असतील तर पहिलं वर्ष डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

विक्रेता बोलत नाही ती गोष्ट हृदयाची. हृदयाचा स्नायू पसरट आणि दुबळा होण्याचा आजार या जातीत इतका आहे की युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून जास्त डॉबरमनना तो कधी ना कधी झालेला आढळला. बाहेरून धडधाकट दिसणारा कुत्रा धावताना कोसळू शकतो. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी आणि २४ तासांचा होल्टर (अंगावर यंत्र बांधून दिवसभराचे ठोके नोंदणारी तपासणी) करायची तयारी ठेवा. रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोषही या जातीत आहे. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना त्याची आठवण करून द्यावी.

ग्रेट डेन

चौघांत सर्वांत मऊ स्वभावाचा. चोराला फक्त दिसला तरी काम होतं. पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना, ७० किलोचा आजारी कुत्रा खाली न्यायला तीन माणसं लागतात. गुळगुळीत टाइल्सवर वाढत्या वयात सांधे बिघडतात; त्याच्या वावरायच्या वाटेवर रबरी मॅट हवेत.

जठराला पीळ पडण्याचा धोका याला सगळ्यांत जास्त. ओकारीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणतं, कुत्रा एका जागी टिकत नाही. ही लक्षणं दिसली की सकाळची वाट बघायची नाही. तासांचा खेळ असतो. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागा, खाण्याआधी आणि नंतर तासभर पळवू नका. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं. डेनसाठी ते करावंच.

कॉकेशियन शेफर्ड, केन कोर्सो, टिबेटन मास्टिफ यांच्या वाटेला पहिल्या खेपेला जाऊच नये. कॉकेशियन आणि टिबेटन कळपापाशी रात्री एकट्याने निर्णय घेण्यासाठी घडले. तो निर्णय तुमच्या पाहुण्यावर झाला तर मोडता घालणं कठीण. शिवाय त्यांच्या दाट केसांमुळे त्यांना ना नागपूरचा मे सोसतो, ना मुंबईचा ऑक्टोबर. तमिळनाडूचा राजापालयम उन्हाला काटक आहे, मात्र फार अलिप्त, आणि जातीत बहिरेपण आढळतं.

वाढीच्या वयात हमखास होणारी चूक

‘हाडं मजबूत व्हायला’ कॅल्शियमचं सिरप. मोठ्या जातीच्या पिल्लाचं आतडं पहिल्या सहा महिन्यांत जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. ते सगळं आत जातं आणि हाडं वाकडी होतात, सांधे बिघडतात. ‘लार्ज ब्रीड पपी’ असं लिहिलेलं खाद्य द्या आणि वर काहीही घालू नका. पिल्लू किंचित सडपातळ हवं: फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना ठळक दिसू नयेत. विक्रेत्याचं ‘डबल बोन’ हे बहुतेकदा नुसतं लठ्ठ पिल्लू असतं. पार्वोची (पिल्लांना उलट्या आणि रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूची) लस सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण करा. रॉटवायलर आणि डॉबरमन या रोगाला लवकर बळी पडतात. आपल्या पावसाळ्यासाठी लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यापासून.

दारावरची बेल

चारही जातींना हे लागतं. दारापासून सहा-सात फुटांवर एक चटई. घरच्याच माणसाने बेल वाजवायची, कुत्र्याला ‘जागेवर’ म्हणून चटईवर नेऊन खाऊ द्यायचा. पहिले काही दिवस दार उघडायचंच नाही. मग उघडायचं, पण कुणी आत यायचं नाही. मग शेजारच्या काकू, आणि शेवटी अनोळखी. दिवसातून पाच वेळा, तीन-तीन मिनिटं. तो भुंकत असताना तुम्ही ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही साथ देताय. ‘महिनाभर ठेवा, अटॅक शिकवून देतो’ म्हणणाऱ्याकडे कुत्रा पाठवू नका. कुत्र्याला आवरण्यात हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही मालकाला होऊ शकतं.

पिल्लू घेताना आठ आठवड्यांआतलं घेऊ नका. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार त्याची विक्रीच करता येत नाही. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंशावळ सांगतो, तब्येत किंवा स्वभाव नाही. त्यासाठी आई बघा: अनोळखी माणूस आल्यावर ती दोन मिनिटांत निवळते की पिंजऱ्यावर आदळत राहते. बाप दुसऱ्या गावचा असू शकतो, पण आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून पिल्लू घेऊ नका.