बिजागऱ्या : एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

इंदूरला सुदामानगरमधल्या घराची सगळी दारं गेल्या दिवाळीआधी बदलली. बिजागऱ्या सियागंजातून आणल्या, प्रत्येक दाराला वेगळ्या. मिस्त्रीचं मत होतं, ‘कब्जे तो सब एक जैसे.’ तसं नाही, हे आता खात्रीने सांगू शकतो.

मुख्य दार सागवानी, चांगलंच जड. त्याला पाच इंची बॉल बेअरिंगच्या तीन लावल्या. पल्ल्याचा भार बेअरिंग घेतं, धातूवर धातू घासत नाही. अजून तेलाचा थेंब लागलेला नाही. सर्वांत जास्त ओढ वरच्या बिजागरीवर असते, म्हणून तिथे स्क्रू मुद्दाम लांब घेतले. पावसात हे दार घासू लागलं तेव्हा सगळ्यांनी बिजागरीलाच दोष दिला. पण बिजागरीकडची फट वर जास्त आणि खाली कमी अशी तिरपी झालेली नव्हती, दार उभ्या कडेला सगळीकडे सारखंच दाटलं होतं. म्हणजे लाकूड फुगलेलं. अशा वेळी लगेच रंधा मारू नका, हवा कोरडी झाली की दार आपोआप मोकळं होतं. आतल्या हलक्या फ्लश दारांना साध्या चार इंची पुरतात. तिथे बेअरिंगचे पैसे घालण्यात अर्थ नाही.

गॅलरीच्या दाराला पार्लमेंट बिजागरी, म्हणजे रुंद कानांची, दाराला चौकटीपासून पुढे काढणारी. भिंत जाड, चौकट आत बसलेली, त्यामुळे साध्या बिजागरीवर दार पूर्ण मागे जात नव्हतं. आता 180 अंशात भिंतीला टेकतं, खोली केवढी मोकळी वाटते! मात्र तिचे कान बाहेर येतात आणि स्क्रूंवर ताण जास्त पडतो. भारी पल्ल्याला मी तरी ती लावणार नाही.

बाथरूमसाठी 304 ग्रेडचंच स्टील घ्या. दुकानदार चुंबक चिकटत नाही हे लावून दाखवतात, पण 202 या स्वस्त ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घेतलेली बरी. आणि फरशीवर ॲसिड ओतणाऱ्यांनो, त्या वाफेने 304 वरही डाग पडतात. आमच्याकडे खालच्या बिजागरीवर पडलेच.

स्वयंपाकघरात सॉफ्ट क्लोज, म्हणजे पल्ला आपटू न देता हळूच बंद करणाऱ्या. पल्ल्यात खाच करून बसणारा त्यांचा गोल कप 35 मिलिमीटरचा, हे माप बहुतेक कंपन्यांचं सारखंच असतं. खरी निवड क्रँकची, म्हणजे बिजागरीच्या दांड्याला किती बाक आहे त्याची : पल्ला बाजूच्या फळीवर पूर्ण येत असेल तर झिरो, मधल्या एकाच फळीवर दोन पल्ले असतील तर आठ, पल्ला चौकटीच्या आत बसत असेल तर सोळा. ऑर्डर देण्याआधी सुताराकडून हे पक्कं करून घ्या. दोन पल्ल्यांमधली फट वाकडी झाली तर बाजूचा स्क्रू थोडा फिरवला की जमतं, बायकोने ते स्वतःच केलं. रोजच्या कपाटांना सॉफ्ट क्लोज वसूल आहे. माळ्याला साध्याच घेतल्या. गणपतीचं मखर आणि आकाशकंदील काढण्यापुरताच तो उघडतो.