मीटरवरचे ८७ व्होल्ट आणि माझे ४२ हजार

आमच्या पॅसेजमधला एलईडी बल्ब बटण बंद केलं तरी रात्री मिणमिणत राहायचा. एवढंच निमित्त. सांगलीतला फ्लॅट वीस वर्षांचा जुना, घरात आई आणि मी दोघीच. धास्ती बसली आणि ओळखीतून मिळालेल्या एका वायरमनला बोलावलं.

त्यानं बल्ब काढला, बटण बंद ठेवलं आणि पिवळ्या मल्टीमीटरच्या दोन्ही पिना होल्डरमध्ये टेकवल्या. आकडा ८७ वर गेला, ९१ झाला, परत ८४. "ताई, बटण बंद आहे ना? मग हे कुठून आलं? वायरींचं इन्सुलेशन गेलंय, घरभर करंट उतरलाय. आईंना ओल्या हातानं कशालाच हात लावू देऊ नका." त्या शेवटच्या वाक्यानं मी गारच पडले. अख्ख्या घराचं वायरिंग बदलायचे ४२,००० रुपये ठरले. रोख, बिल नाही. जुन्या वायरींचं तांबंसुद्धा गोणीत भरून तोच घेऊन गेला. भंगारात तांब्याला काय भाव मिळतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

काम संपलं त्या रात्री बल्ब तसाच मिणमिणत होता.

माझे मामा वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेत. ते आले आणि आधी स्वयंपाकघरातल्या चालू सॉकेटमध्ये मीटर लावलं. २३४. "मीटर चालतंय ना ते आधी बघायचं, मग मोजायचं, आणि मोजून झालं की परत इथं येऊन बघायचं." मग पॅसेजचा होल्डर. कोऱ्या करकरीत वायरींवरही ७९! मामांनी मेन बंद केला, पिशवीतून दोन वायरी जोडलेला जुना ६० वॅटचा बल्ब काढला, त्याच दोन टोकांना जोडला आणि मेन चालू केला. पॅसेजचं बटण बंदच. मीटर शून्यावर आलं, बल्बची तार साधी लालही झाली नाही.

पॅसेजच्या दिव्याला दोन टोकांना दोन बटणं आहेत. त्यामुळे एकाच पाइपातून चालू आणि बंद वायरी लांबवर शेजारी-शेजारी जातात आणि बंद वायरीवर नुसत्या शेजारामुळे विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, चढतो. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम, त्याला प्रवाह जवळजवळ लागतच नाही, म्हणून तो हा पोकळ दाबही दाखवतो. खरा बल्ब जोडला की तो दाब कोसळतो. काही एलईडी मात्र तेवढ्यावरही मिणमिणतात. मामांनी दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावला, प्रश्न मिटला.

आमच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, म्हणजे करंट गळायला लागला की आपोआप वीज तोडणारा स्विच. टेस्टचं बटण दाबलं की पडतो, एरवी एकदाही पडला नव्हता. घरभर करंट उतरला असता तर तो गप्प बसला असता का? इन्सुलेशन तपासायचं तर मेन बंद करून मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, लावतात, ५०० व्होल्ट डीसीवर, आणि आकडा एक मेगाओहमच्या वर हवा. मल्टीमीटरच्या छोट्याशा बॅटरीचं ते काम नव्हे. तुमच्याकडे कुणी वायरिंग बदला म्हणालं तर मेगरचा आकडा लिहून मागा. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून चाचणी अहवाल व पक्कं बिल घ्या.

मी त्या वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "मीटरनं दाखवलं ते खोटं होतं का ताई?" त्यानंतर फोन उचललाच नाही.

आता मी स्वतः मीटर घेतलंय. मामांनी पहिल्यांदा दाखवलं ते १० अँपिअरचं भोक. लाल पिन त्यात राहिली आणि तशीच सॉकेटमध्ये घातली तर सरळ शॉर्ट, हातातच भडका. व्होल्ट मोजताना काळी पिन 'COM' लिहिलेल्या भोकात, लाल व्होल्टच्या भोकात, आणि नॉब एसी व्होल्टवर आहे ना ते दोनदा बघायचं. ओहमची आणि बीपची, म्हणजे वायर सलग आहे का ते बघायची, तपासणी चालू लाइनवर कधीच करायची नाही.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या जिन्यातल्या दिव्यावर त्याच वायरमननं ९० व्होल्ट दाखवले आणि ५५,००० सांगितले. काकू ॲडव्हान्स काढायला बँकेत निघाल्या होत्या, मला जिन्यात भेटल्या म्हणून बरं. त्याच संध्याकाळी मामा ६० वॅटचा बल्ब घेऊन वर गेले.