व्हाइब की मॅट्रिक्स? बिल्ले दोन, गाडी एकच

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलांची पहिली गाडी बहुतेक वेळा सेकंडहँडच असते. बजेट जेमतेम आणि सामान भरपूर असलं की टोयोटा मॅट्रिक्सचं नाव निघतं. तिच्या शेजारीच, बऱ्याचदा कमी किमतीत, पॉन्टिॲक व्हाइब उभी असते. पण पॉन्टिॲक हा जनरल मोटर्सचा बंद पडलेला ब्रँड, म्हणून लोक तिला टाळतात. माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही गाड्यांची हालत सारखी असेल तर व्हाइब घ्या.

आधी ही जोडी आली कुठून ते बघू. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला ‘नुमी’ नावाचा भागीदारीतला कारखाना सुरू केला. तिथे कोरोला बनायची, आणि तीच थोडा चेहरा बदलून आधी शेव्हरोले नोव्हा, मग प्रिझम म्हणून विकली जायची. २००३ च्या मॉडेलपासून प्रिझमची जागा व्हाइबने घेतली. तिचीच जुळी बहीण मॅट्रिक्स मात्र कॅनडात, ओंटारियोमधल्या केंब्रिजच्या टोयोटा कारखान्यात बनायची. खात्री करायची असेल तर काचेतून डॅशबोर्डवरचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचा. व्हाइबचा नंबर ५ ने सुरू होतो, म्हणजे अमेरिकेत बनलेली. मॅट्रिक्सचा २ ने, म्हणजे कॅनडात बनलेली. बॉनेट उघडलं की दोन्हीकडे इंजिन टोयोटाचंच. इतकंच काय, हीच व्हाइब उजव्या बाजूचं स्टिअरिंग लावून काही वर्षं जपानला जात होती आणि तिथे टोयोटा व्होल्ट्झ या नावाने विकली जात होती. खुद्द टोयोटाला जिच्यावर आपलं नाव लावायला हरकत वाटली नाही, तिच्या यंत्राबद्दल आपण शंका घेण्याचं कारण नाही.

बिल्ला बदलून विकलेली प्रत्येक गाडी मात्र अशी निघेलच असं नाही. शेव्हरोले कॅव्हेलिअर आणि पॉन्टिॲक सनफायर हीसुद्धा एकाच प्लॅटफॉर्मवरची जोडी होती, पण तिथे खालचं सगळं जनरल मोटर्सचं होतं. नाव कुणाचं यापेक्षा इंजिन, गिअरबॉक्स आणि सांगाडा कुणी आखलाय, हे आधी विचारायचं.

आता फरक. २००३ ते २००८ च्या पहिल्या पिढीत साधं १.८ लिटरचं इंजिन दोन्हीकडे तेच, सुमारे १३० अश्वशक्तीचं. व्हाइब जीटी आणि मॅट्रिक्स एक्सआरएस या जोरकस प्रकारांत २००६ पर्यंत टोयोटाच्या सेलिका जीटी-एस या स्पोर्ट्स गाडीचं १८० अश्वशक्तीच्या घरातलं इंजिन मिळायचं. चालवायला मजा येते, पण त्याला प्रीमियम पेट्रोल लागतं आणि खरा जोर आरपीएम वर चढल्यावरच मिळतो. रोज कामावर जाण्यासाठी ते घेऊ नका. मागची सीट पाडली की सपाट, कडक प्लॅस्टिकचा तळ मिळतो, पुढची प्रवाशाची सीटही आडवी होते. घर बदलताना टेबल, गादी, सायकल सगळं आत जातं. पहिल्या पिढीच्या व्हाइबमध्ये वर ११५ व्होल्टचा घरगुती प्लगही आहे.

२००९ मध्ये दुसरी पिढी आली आणि इथे व्हाइबचं पारडं जड होतं. त्या वर्षी स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, व्हाइबच्या सगळ्या प्रकारांना होती. साध्या मॅट्रिक्सला ती जादा पैसे मोजून घ्यावी लागायची. बर्फातल्या घसरड्या रस्त्यावर या एका गोष्टीची किंमत बाकी सगळ्या फरकांपेक्षा जास्त आहे. इंजिन १.८ चंच घ्या. २.४ ला ताकद जास्त आहे, पण ते पेट्रोलही जास्त खातं आणि या काळातलं २.४ ऑइल पिण्यासाठी बदनाम आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनचा जोर) हवंच असेल तर २.४ शिवाय गत्यंतर नाही, आणि तेही चार गिअरच्या ऑटोमॅटिकसह.

‘पॉन्टिॲक बंद पडली, पार्ट कुठून आणायचे?’ ही भीती मला समजते. शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली तेव्हा तळेगावच्या कारखान्यात बनलेल्या बीट या तिच्या छोट्या गाडीच्या मालकांनाही हाच घोर लागला होता. पण व्हाइबचं तसं नाही. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, वॉटर पंप, सेन्सर असे रोजचे पार्ट मॅट्रिक्सचेच बसतात, आणि त्यातले बरेच कोरोलाचेही. कुठल्याही पार्टच्या दुकानात ते मिळतात. अडचण येते ती बाहेरच्या अंगाला. बंपर, हेडलाइट, पुढची जाळी हे व्हाइबचं वेगळं आहे, त्यासाठी जंकयार्ड (मोडीत काढलेल्या गाड्यांचे अड्डे) पालथे घालावे लागतात. म्हणून पुढून ठोकलेली व्हाइब स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पुढे विकताना मॅट्रिक्सला भाव जास्त येतो हे खरं, पण घेतानाही तुम्ही तेवढे जास्त मोजलेले असतात.

रिकॉलच्या, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावण्याच्या, बाबतीत दोघी एकाच माळेच्या. पहिल्या पिढीत टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा धोका आहे, आणि २००३-०४ च्या गाड्यांत ती बदलण्याचं काम झालेलं नसेल तर त्या चालवूच नका असा इशारा जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी दिला होता. २००५ ते २००८ च्या गाड्यांत इंजिनच्या कॉम्प्युटरचं रिकॉल आहे. २००९-१० मध्ये ॲक्सिलरेटर पेडलचं. अमेरिकन सरकारच्या एनएचटीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याच्या साइटवर व्हीआयएन टाकला की काय राहिलंय ते फुकट कळतं. राहिलेलं काम व्हाइबसाठी शेव्हरोले, ब्यूइक किंवा जीएमसीचा डीलर करून देतो, त्याचेही पैसे लागत नाहीत.

मॅट्रिक्स कधी घ्यावी? २०१० नंतरची गाडी हवी असेल तर, कारण व्हाइब तिथेच संपते आणि मॅट्रिक्स अमेरिकेत २०१३ पर्यंत मिळत होती. किंवा तुमच्या भागात एखादी एकाच मालकाची, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या जपलेली मॅट्रिक्स मिळाली तर. अशी गाडी बिल्ला न बघता उचलावी.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच पोचा आणि डिपस्टिक स्वतः काढून पाहा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कसारख्या, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यातली गाडी असेल तर लिफ्टवर चढवून खालचा गंज बघितल्याशिवाय पैशाचं बोलू नका. पहिल्या पिढीची मॅन्युअल असेल तर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कान द्या. घरघर ऐकू आली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा खर्च समोर आहे, ती गाडी सोडून द्या.