देवरियाताल, करेरी की भृगू? इंदूरहून निघणाऱ्यांसाठी

इंदूरजवळचा जानापाव झाला, चोरल-पाताळपाणी झालं, आता हिमालयातलं एखादं तळं. पण तंबूत राहायचं नाही. सकाळी चढायचं, संध्याकाळी खाली. इंदुरातल्या मंडळींकडून अशी फर्माईश आली की बहुधा हीच तीन नावं निघतात: उत्तराखंडातलं देवरियाताल, हिमाचलातलं करेरी आणि तिथलंच भृगू. फोटो तिन्हींचे भुरळ घालणारे आहेत, म्हणून फोटोवरून ठरवू नका. आदल्या रात्री कुठे, किती उंचीवर झोपणार, ते आधी बघा. ‘एका दिवसात होतं’ हे खरं की खोटं, ते त्यावर ठरतं.

देवरियाताल सगळ्यात सोपं. उंची २,४३८ मीटर. उखीमठजवळच्या सारी गावातून जेमतेम तीन किलोमीटरची बांधीव पायवाट आहे. रमतगमत गेलात तरी दोन तासांत वर. सारी सुमारे २,००० मीटरवर आहे, त्यामुळे तिथे रात्र काढून पहाटे निघालं की दम लागतो तो फक्त चढाचा. पहाटेच का? पाण्यात चौखंबाचा डोंगर (७,१३८ मीटर) उमटतो तो वारा आणि ढग येण्याआधी. दुपारी पोहोचणाऱ्याला चांगलंसं तळं दिसतं, पण डोंगर ढगात. अडचण पायवाटेची नाही, रस्त्याची आहे. हरिद्वारपर्यंत देहरादूनची गाडी नेते, पण ती रोज नाही. पुढे देवप्रयाग, गढवालमधलं श्रीनगर, रुद्रप्रयाग करत सारीला पोहोचायला अख्खा दिवस जातो. मे-जूनमध्ये कुंडपर्यंत हाच रस्ता केदारनाथच्या यात्रेकरूंचा असतो. तेव्हा वेळापत्रक विसरा.

करेरीला जाणं इंदूरहून सरळ आहे. मालवा एक्सप्रेसमध्ये बसलात की दुसऱ्या दिवशी पठाणकोट कँट, तिथून तीनेक तासांत धर्मशाला. तळं २,९३४ मीटरवर, धौलाधार डोंगररांगेच्या कुशीत, बर्फाच्या पाण्यावर भरणारं. वाट न्यूंद ओढ्याच्या काठाने जाते आणि माझ्या मते तिन्हींत सगळ्यात देखणी हीच आहे. तळं नसतं तरी ही वाट चालण्याजोगी होती. पण करेरी गावातून एका बाजूने बारा-तेरा किलोमीटर आणि साधारण हजार मीटरचा चढ. म्हणजे जाऊन-येऊन पंचवीसच्या आसपास, तेही दगडधोंड्यांतून. मॅकलिओडगंजच्या हॉटेलातून नाश्ता करून निघाल आणि अंधाराआधी परत याल, हे होणार नाही. गावात मुक्काम करून उजाडता निघालात तर पायांत बळ असलेल्यांना जमतं. बहुतेक लोक दोन दिवसांत करतात, आणि त्यांचंच बरोबर आहे.

भृगूबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत इथेच होते. काटेकोर बोलायचं तर वृक्षरेषेच्या वरचं तळं हे एकच. वर झाड नाही, आडोसा नाही. नुसती गवताळ कुरणं, मग खडक आणि जूनपर्यंत बर्फ. उंची साधारण ४,२३५ मीटर. मनालीहून रोहतांगच्या रस्त्याने गुलाबापर्यंत गाडीने जायचं आणि तिथून हजार मीटरहून जास्त चढायचं. अंतर करेरीहून कमी असल्यामुळे कागदावर ‘डे हाईक’ शोभते. पण मनाली २,०५० मीटरवर आहे आणि इंदूर साडेपाचशेवर. भृगूच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. रात्रभर बसमध्ये अवघडून मनालीत उतरलेला माणूस दुसऱ्याच सकाळी तिथे निघाला तर डोकं दुखणं, मळमळ, पाय न उचलणं हे ठरलेलंच. त्यावर उपाय एकच, खाली उतरणं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून घ्या, पण ती गोळी म्हणजे वर चढत राहायची परवानगी नव्हे. व्यायामशाळेत रोज जाणारेही यातून सुटत नाहीत. विरळ हवेला बायसेप दिसत नाहीत. मनालीत किमान दोन रात्री काढा, मधल्या दिवशी थोडं वर चढून परत या, आणि चढाईच्या दिवशी बारा वाजले की तळं दिसो न दिसो, मागे फिरा. दुपारनंतर तिथे गारा आणि विजा येतात.

ऋतूचं गणित सोपं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये करेरी नकोच, धर्मशालाचा पाऊस नावाजलेला आहे. गढवालच्या रस्त्यांवर तेव्हा दरडी कोसळतात. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर तिन्हींना उत्तम. दिवाळीनंतर देवरियाताल चालतं, थंडी मात्र सडकून असते. हिवाळ्यात करेरी गोठतं आणि वाट बर्फाखाली जाते.

मग कोणी कुठे जावं? आई-बाबा किंवा शाळकरी मुलं बरोबर असतील तर देवरियाताल, दुसरा विचार नको. बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर सारीत घोडी मिळतात का तेवढं आधी फोनवर विचारा. तरुण मंडळींना हे फार सोपं वाटलं तर दुसऱ्या दिवशी सारीच्या पुढच्या चोपत्याहून तुंगनाथचं देऊळ (३,६८० मीटर) आणि वर चंद्रशिला शिखर करा. उंचीची हौस तिथे फिटते, आणि आदल्या दिवशीच्या तळ्यामुळे अंगाला थोडी सवयही झालेली असते. सहा-सात दिवसांच्या रजेत मला हीच जोडी सर्वांत पटते. करेरी चालण्याची आवड असणाऱ्यांसाठी, दोन दिवस हाताशी ठेवून. भृगू फक्त रजा आठ-नऊ दिवसांची असेल आणि गटात ‘आज नको, परत फिरू’ म्हणणारा एक तरी माणूस असेल तर.

सुती कपडे आणि जीन्स घरीच ठेवा; भिजल्यावर वाळत नाहीत. शेव-परमल (शेव-मुरमुरे) मात्र जरूर न्या, वाटेत त्याला तोड नाही. आणि रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा ऑक्टोबरात जायचं तर ऑगस्टातच जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं काढा. परतीचं तिकीट पायथ्याला पोहोचण्याच्या दिवसाचं नको, एक दिवस सोडून पुढचं.