फुटलेल्या ॲन्युरिझमवरील कॉइलिंग: पुण्यातील एका विभागाचा अनुभव

गेल्या वर्षी श्रावणात देवपूजा आटोपून उठताना माझ्या सासूबाईंच्या डोक्यात अशी कळ आली की त्या जागीच खाली बसल्या. पाठोपाठ उलट्या झाल्या आणि मान ताठ झाली. साताऱ्यात सीटी स्कॅन झाला, मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्याचे कळले आणि रात्र पडण्याच्या आत आम्ही त्यांना पुण्यातील एका खासगी रुग्णालयात दाखल केले. रुग्णालयाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. ज्या त्रुटी पुढे सांगणार आहे त्या इतरांच्या तोंडूनही मी ऐकल्या आहेत, आणि ज्या डॉक्टरांचे ऋण मानते त्यांना त्या त्रुटींची झळ लागू नये असे वाटते.

तपासणीत मेंदूच्या पुढील भागातील दोन धमन्यांना जोडणाऱ्या बारीक धमनीवर 6 मिलिमीटरचा फुगा, म्हणजेच ॲन्युरिझम, फुटल्याचे दिसले. असा फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक असतो, म्हणून त्याच रात्री निर्णय घ्यायचा होता. मेंदूच्या धमन्यांवर उपचार करणाऱ्या तेथील विभागाचे खरे मोठेपण मला येथे दिसले. डॉक्टरांनी माझ्या पतींना आणि मला बसवून घेतले, तपासणीच्या कागदाच्या मागे धमनी काढून दाखवली आणि जवळपास अर्धा तास केवळ धोक्यांविषयी सांगितले.

जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची, म्हणजे रक्त आत शिरत नाही, ही कॉइलिंगची पद्धत. ग्विदो गुल्येल्मी या इटालियन डॉक्टरांनी 1990 च्या सुमारास अमेरिकेत ती विकसित केली. कवटी उघडून फुग्याला क्लिप लावणे (क्लिपिंग) हा दुसरा मार्ग. दोन्ही उपचार शक्य असलेल्या 2143 रुग्णांची तुलना करणाऱ्या आयसॅट या चाचणीत एका वर्षानंतर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण कॉइलिंगमध्ये साधारण 24 टक्के, तर क्लिपिंगमध्ये 31 टक्के होते, हे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. त्याच दमात, हे आकडे प्रत्येक फुग्याला लावता येत नाहीत आणि कॉइलिंगनंतर फुगा पुन्हा भरण्याची शक्यता क्लिपिंगपेक्षा अधिक असते, हेही त्यांनी लपवले नाही.

मग धोके. फुग्याची भिंत अतिशय पातळ असते. तार किंवा नळी टोचून तो टेबलावरच पुन्हा फुटू शकतो. नळ्यांवर आणि कॉइलवर रक्ताची गुठळी होऊन ती पुढे सरकली तर पक्षाघात होऊ शकतो. कॉइल निसटून मूळ धमनीत येऊ शकते. फुग्याची मान, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो ते तोंड, रुंद असेल तर स्टेंट लागतो, आणि स्टेंट लावला की रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावी लागतात, जी नुकताच रक्तस्राव झालेल्या मेंदूसाठी स्वतःच धोक्याची असतात. जांघेत रक्त साकळणे आणि धमन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडलेल्या औषधामुळे (डाय) मूत्रपिंडावर ताण येणे हे त्यामानाने किरकोळ. त्या वेळी मला हे ऐकवत नव्हते. पुढील दोन आठवड्यांत मात्र त्यातल्या प्रत्येक वाक्याचा उपयोग झाला.

कॉइलिंग सुरू असताना एका लहान शाखेत खरोखरच गुठळी झाली. ती पडद्यावर लगेच दिसली. फुगा तोवर बहुतांशी भरला होता, म्हणूनच प्लेटलेट्स एकमेकांना चिकटू न देणारे औषध देता आले आणि प्रवाह परतला. सासूबाईंचा डावा पाय चार दिवस अशक्त राहिला. डॉक्टर बाहेर आले ते थेट हीच गोष्ट सांगत; आम्ही विचारण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

फुगा बंद झाला म्हणजे संकट टळले, असा समज आम्हीही केला असता. बाहेर सांडलेल्या रक्तामुळे चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या धमन्या आकसू शकतात आणि कॉइल त्याला काहीही करू शकत नाही, हे आधीच सांगितले गेले होते. निमोडिपीनच्या गोळ्या 21 दिवस दर चार तासांनी, रात्री उठवूनसुद्धा, चालू होत्या. आठव्या दिवशी सासूबाई नातवाचे नाव चुकीचे घेऊ लागल्या. घरच्यांना तो थकवा वाटला. आयसीयूतील सिस्टरांना तो वाटला नाही. तासाभरात सासूबाईंना पुन्हा कॅथ लॅबमध्ये, म्हणजे नळीवाटे उपचार करण्याच्या खोलीत, नेले आणि आकसलेल्या धमनीत नळीवाटे औषध सोडले. संध्याकाळी त्यांनी नातवाला नावाने हाक मारली. त्या सिस्टरांचे उपकार आमचे कुटुंब विसरणार नाही.

आता तक्रारी. एवढे सविस्तर समजावल्यानंतर सहीसाठी पुढे आलेले संमतिपत्र संपूर्ण इंग्रजीत होते, आणि त्यात कोणत्याही शस्त्रक्रियेला लागू पडेल असा साचेबंद मजकूर होता. प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांना असे डॉक्टर भेटतील याची खात्री काय? कॉइलिंगचे धोके मराठीत छापलेले एक पान या विभागाने तयार करायलाच हवे. चार कॉइल लागतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात सात लागल्या. संख्या आधी नेमकी सांगता येत नाही हे मला मान्य आहे, परंतु वाढीव खर्च आम्हाला थेट बिलाच्या खिडकीवर कळावा हे योग्य नव्हते.

सर्वांत गंभीर त्रुटी घरी सोडतानाची. सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करायची आहे, हे डिस्चार्ज कार्डावर कोठेही लिहिलेले नव्हते. मीच तीनदा फोन करून तारीख मिळवली. त्या तपासणीत कॉइल थोड्या दबून फुग्याच्या मानेशी किंचित रक्त शिरत असल्याचे दिसले. सध्या उपचाराची गरज नाही, केवळ लक्ष ठेवायचे, असे डॉक्टरांचे मत आहे. फोन केला नसता तर हे आम्हाला समजलेच नसते, आणि जे कुटुंब फोन करणार नाही त्याच्या बाबतीत काय होत असेल, या विचाराने मी अस्वस्थ होते.

सासूबाई आज स्वतः चालतात आणि स्वयंपाक करतात; नवी नावे लक्षात ठेवणे मात्र त्यांना जड जाते. पुढील अँजिओग्राफी कार्तिकात आहे आणि ती आम्ही याच विभागात, याच डॉक्टरांकडे करणार आहोत. त्या वेळी मराठी संमतिपत्राचा लेखी अर्जही सोबत नेणार आहे.