शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर पोरांकडून व्हिडिओ एडिट करून घ्यायचाय? शॉटकट वापरून बघा

सांगलीजवळच्या एका हायस्कूलला आठवी-नववीला शिकवतो, आणि इतिहास-भूगोलाचे प्रकल्प आता कार्डशीटवर न घेता पोरांकडून छोट्या व्हिडिओत करून घेतो. शिक्षकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की सर तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरता, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. शॉटकट. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, व्हिडिओवर कुठलाही शिक्का येत नाही, लॉगिन मागत नाही आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेट लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. शाळेच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे, विशेषतः नेटची, कारण लॅबमध्ये नेट असणं आणि ते सगळ्या मशीनवर एकाच वेळी चालणं यात किती फरक असतो ते लॅब सांभाळणाऱ्यालाच माहीत.

आधी बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मोबाईलवरचं काइनमास्टर बहुतेक शिक्षकांना येतं आणि ते चांगलंच आहे, पण फुकटच्या व्हर्जनमध्ये वॉटरमार्क येतो आणि मुख्य म्हणजे मोबाईलच्या स्क्रीनवर एकजण बोटाने कापत बसतो आणि गटातले बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहतात. विंडोज ११ असेल तर क्लिपचॅम्प आयतं मिळतं, १०८० पी पर्यंत वॉटरमार्कशिवाय निघतं, पण त्याला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट आणि नेट पाहिजे. दाविंची रिझॉल्व्ह म्हणजे व्यावसायिक लोकांचं काम, त्याला तसंच दणकट मशीन लागतं, आपल्या लॅबमध्ये विषयच नाही. जुनं मूव्ही मेकर ज्यांना आवडायचं (मलाही आवडायचं) ते मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये बंद केलं.

आता शॉटकट वर्गात कसं चालतं ते एका प्रकल्पावरून सांगतो म्हणजे नीट कळेल.

नववीच्या एका गटाने विषय घेतला हरिपूरची हळदीची पेवं. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूर आहे, तिथल्या मातीत जमिनीखाली खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायचे, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं खराब झाली आणि तिथून पुढे माल गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजकडे वळला. गटातल्या एका मुलीच्या चुलत आजोबांनी तरुणपणी पेवांवर काम केलेलं, त्यांची मुलाखत घ्यायची ठरली. (पेवाच्या आत कोणी उतरायचं नाही, वरूनच शूटिंग, हे मी आधीच बजावलं होतं. आत हवा कोंडलेली असते, जाणती माणसंसुद्धा तोंड उघडून बराच वेळ थांबल्याशिवाय उतरत नाहीत.)

पोरं शूटिंग करून आली आणि आजोबा भरपूर बोललेले. पेवाबद्दल, पुराबद्दल, नातवाच्या नोकरीबद्दल, गुडघ्याबद्दल. आणि पोरांनी स्वतः लिहिलेली सुरुवात होती ती अशी, "सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ असून सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळाले आहे", एकदम पुस्तक वाचल्यासारखी.

शॉटकटमध्ये कापणं फार सोपं आहे. टाईमलाईनवर, म्हणजे खाली जिथे तुकडे ओळीने लागतात त्या पट्टीवर, क्लिप टाकायची, प्लेहेड (आत्ता कुठलं दृश्य चाललंय ते दाखवणारी उभी रेघ) पाहिजे तिथे न्यायचा, एस दाबलं की तिथे तुकडा पडतो, नको तो तुकडा निवडून एक्स दाबलं की तो जातो आणि पुढचं सगळं आपोआप मागे सरकून चिकटतं. झेड दाबलं तर तुकडा जातो पण जागा रिकामी राहते. एवढी तीन बटणं आली की एका तासात पोरं कामाला लागतात, आणि चुकलं तर कंट्रोल झेड आहेच. ती मुलगी हेडफोन लावून आजोबांचं एकच वाक्य परत परत ऐकत होती, "आम्ही उतरायच्या आधी... अं... वर बसून राहायचो, हवा जाईस्तोवर." तिने आधी मधला "अं" कापला. ऐकलं. मग कंट्रोल झेड करून परत आणला. मी विचारलं का गं, तर म्हणाली सर, कापल्यावर आजोबा पाठ करून बोलल्यासारखे वाटतायत. नंतर त्या गटाने ते पुस्तकी वाक्य सुरुवातीवरून काढलं, आधी आजोबांचं हे वाक्य ठेवलं आणि जीआयची माहिती पुढे बाजारातल्या पोत्यांच्या दृश्यावर टाकली. मी एक शब्द सांगितला नव्हता. निबंधाच्या वहीत "प्रस्तावना सुधारा" असं लाल पेनने लिहून मी कैक वर्षं जे घडवू शकलो नव्हतो ते इथे समोर घडत होतं, आणि मला खरंच फार आनंद झाला.

म्हणूनच मला शॉटकटमध्ये तयार टेम्प्लेट्सची रेलचेल नाही हे आवडतं. मोबाईल ॲपमध्ये फोटो टाकले की गाणं, चमचम, उडती अक्षरं सगळं ॲपच करून देतं आणि पोराने नक्की काय केलं हे शोधावं लागतं. इथे कुठलं वाक्य ठेवायचं, कुठे थांबायचं हे पोरालाच ठरवावं लागतं. आपल्याकडे तंत्रस्नेही शिक्षक म्हणजे स्वतः छान व्हिडिओ बनवून वर्गात दाखवणारा असं झालंय, त्या शिक्षकांची मेहनत मी जवळून बघितलीय आणि तिचा मला आदर आहे, पण माऊस पोरांच्या हातात गेला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी शिकवायची गोष्ट म्हणजे ट्रॅक, म्हणजे टाईमलाईनवर एकावर एक ठेवता येणारे थर. खालच्या ट्रॅकवर आजोबांची मुलाखत आणि वरच्या ट्रॅकवर पेवाच्या तोंडाचं शूटिंग ठेवलं की चित्र वरचं दिसतं आणि वरच्याचा आवाज म्यूट केला की बोलणं फक्त आजोबांचं ऐकू येतं. हे एकदा जमलं की पोरांना कळतं की शूटिंगला गेल्यावर नुसता बोलणारा माणूस टिपून चालत नाही, त्याचे हात, ती जागा, दोरी, पोतं हे सगळं वेगळं टिपून आणावं लागतं. हा गट त्यासाठी पुन्हा हरिपूरला गेला, स्वतःहून.

आवाजाबद्दल एक. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असू द्या, संगमावरच्या वाऱ्यात किंवा मार्केट यार्डात सौदे चालू असताना मोबाईल चार हात लांब धरून रेकॉर्ड केलेला आवाज कुठल्याच फिल्टरने सुधारत नाही. शॉटकटमध्ये आवाज कमी-जास्त करायचे, खालची घरघर काढायचे फिल्टर आहेत, थोडा फरक पडतो. पण एक वायरचा कॉलर माईक घ्याच, आणि तोही नसेल तर दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिटिंगला त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवता येतात. पोरांना ही टाळीची युक्ती भयंकर आवडते.

आता त्रासाच्या गोष्टी, कारण त्या न सांगता इन्स्टॉल कराल आणि मग वर्गात चाळीस पोरं बघत असताना अडकाल.

सगळ्यात मोठी म्हणजे प्रोजेक्ट फाईल. शॉटकट सेव्ह केल्यावर जी फाईल बनते तिच्यात व्हिडिओ नसतो, कुठला व्हिडिओ कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि कुठे कापलाय एवढीच नोंद असते. पोरगं ती एवढीशी फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशीनवर गेलं की काहीच सापडत नाही. पहिल्याच दिवशी प्रत्येक गटाचं एक फोल्डर करा, शूटिंग, फोटो, आवाज, प्रोजेक्ट सगळं त्यातच, आणि न्यायचं तर अख्खं फोल्डर न्यायचं. शक्यतो गटाला मशीन ठरवूनच द्या.

दुसरं, मोबाईलचं शूटिंग बहुतेक वेळा बदलत्या फ्रेम रेटचं असतं (म्हणजे दर सेकंदाला चित्रांची संख्या कमी-जास्त होत असते), ते टाकलं की शॉटकट विचारतं की एडिटिंगला सोयीच्या फॉरमॅटमध्ये बदलून घेऊ का. पोरं घाईत नको म्हणतात. हो म्हणायला लावा, वेळ आणि डिस्कवरची जागा जास्त जाते, पण पुढे आवाज आणि ओठ जुळत नाहीत ही कटकट टळते.

तिसरं, नवीन प्रोजेक्ट करताना व्हिडिओ मोड ऑटोमॅटिक ठेवला तर पहिली क्लिप जशी असेल तसा अख्खा प्रोजेक्ट होतो. पहिलीच क्लिप मोबाईल उभा धरून काढलेली असेल तर झालं. आधीच ७२० पी निवडून ठेवा आणि मोबाईल आडवा धरायची सवय लावा.

मशीनचं म्हणाल तर विंडोज ६४-बिट पाहिजे, आणि एचडी व्हिडिओसाठी ८ जीबी रॅम लागते असं शॉटकटवालेच सांगतात, ४ जीबी साध्या एसडी दर्जासाठी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ४ जीबीवालेच डबे आहेत. तरी काम होतं, सेटिंगमध्ये प्रीव्ह्यू स्केलिंग (काम करताना दिसणाऱ्या चित्राचा दर्जा) ३६० पी करा आणि प्रॉक्सी चालू करा, म्हणजे एडिट करताना हलकी प्रत वापरली जाते आणि शेवटी मूळ दर्जाचा व्हिडिओ निघतो. एक्स्पोर्टला, म्हणजे शेवटचा तयार व्हिडिओ बनवायला, मात्र वेळ लागतो, तो मधल्या सुट्टीत लावून द्यायचा.

मराठी अक्षरांची काळजी करू नका. युनिकोडमध्ये टाईप करा, मंगल किंवा निर्मला फॉन्ट निवडा, जोडाक्षरं व्यवस्थित येतात. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाईप केलेला मजकूर आणून चिकटवाल तर भलतंच काहीतरी उमटेल, तो परत टाईप करावा लागेल. अक्षरांच्या सजावटीत शॉटकट साधंच आहे, लग्नाच्या व्हिडिओसारखं काही मिळणार नाही.

आणि लाईट. काम चालू असताना लाईट गेली तर परत सुरू केल्यावर शॉटकट ऑटोसेव्हमधून प्रोजेक्ट उघडू का असं विचारतं. सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याला या सोयीची किंमत सांगायला नको.

गाण्यांबद्दल पोरांशी भांडावं लागतं, प्रत्येकाला सिनेमाचं गाणंच मागे पाहिजे असतं. मी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं फुकट संगीत देतो किंवा शाळेची पेटी-ढोलकी रेकॉर्ड करायला लावतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं त्या सांगलीच्या पोरांना पार्श्वसंगीत उसनं आणावं लागू नये. पेववाल्या गटाने हळदीच्या गाठी पोत्यात ओततानाचा आवाजच सुरुवातीला वापरला, तो कुठल्याही गाण्यापेक्षा भारी वाटला.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कमी केला तो पहिल्यांदा उघडल्यावर दिसणाऱ्या पॅनेलच्या गर्दीसाठी, नवीन शिक्षक तिथेच घाबरतो. पहिले दोन तास फक्त टाईमलाईन आणि प्रीव्ह्यू वापरा, फिल्टर-बिल्टर नंतर. आठवीपासून वर बिनधास्त द्या. पाचवी-सहावीला मात्र हे देऊ नका, त्यांना मोबाईलवर स्टॉप मोशन स्टुडिओ (एकेक फोटो जोडून हलतं चित्र करणारं ॲप) द्या, मातीची चित्रं आणि खडू सरकवत त्यांचा तास कसा जातो कळत नाही. आणि शॉटकट डाऊनलोड करताना शॉटकटच्या स्वतःच्या साईटवरूनच करा, बाकी फुकट सॉफ्टवेअरच्या साईटवरून नको, सोबत नको ते काय काय येतं.